क्लचचा जबाब

प्रभादेवीच्या एका टॉवरच्या तिसऱ्या बेसमेंटमध्ये आम्ही चौघं उभे होतो. समोर दोन दारांची पिवळीधमक गाडी. मीटरवर जेमतेम 18,000 किलोमीटर, मालक पहिलाच. घेणारा तरुण टायरच्या खाचांत बोट घालून पाहत होता, मोबाइलचा उजेड रंगावरून फिरवत होता. मामा मात्र गाडीकडे पाठ करून वर जाणाऱ्या रॅम्पकडे बघत होते. चढ उभा, मध्ये एक वळण आणि वळण संपतं तिथेच लोखंडी शटर. त्यांनी मालकांना एवढंच विचारलं, “गाडी नेहमी इथनंच वर काढता?” मालक हो म्हणाले. “मग आत्ता एकदा काढून दाखवा ना.” गाडी वर गेली, शटर उघडेपर्यंत चढावरच थांबली आणि मग बाहेर पडली. आम्ही मागून चालत वर पोचलो तेव्हा वळणावर वास रेंगाळत होता. तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. तापलेल्या ब्रेकच्या वासाला जवळचा, पण जास्त तिखट, घशाला लागणारा. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि वहीत एक ओळ लिहिली.

या पुस्तिकेचे लेखक म्हणजे हेच मामा. गॅरेजातल्या पोरांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात आणि मुखपृष्ठावरही तेवढंच छापा असा त्यांचा आग्रह होता. जुन्या स्पोर्ट्स कार विकत घेण्याआधी तपासून देणं हे त्यांचं काम. मी शिकलो मेकॅनिकल इंजिनिअरिंग. गेली बारा वर्षं शनिवार-रविवार त्यांच्या मागे हिंडून मी जे शिकलो ते कॉलेजात मिळालं नव्हतं. पुस्तिकेतलं ज्ञान त्यांचं आहे, आकडेमोड काही ठिकाणी माझी. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: जोरकस इंजिनाची वापरलेली गाडी घेताना तिचा क्लच किती झिजलाय हे कसं ओळखायचं.

एवढ्याशा गोष्टीवर अख्खी पुस्तिका कशाला, असं काहींना वाटेल. पण तपासणीला जाणारी माणसं काय करतात ते मी पाहिलं आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणतात, टायरवरची तारीख वाचतात, इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून मित्राला पाठवतात. क्लच मात्र एकदा दाबून सोडला की “ठीक वाटतोय” म्हणून पुढे जातात. गाडी घरी आल्यावर पहिला मोठा खर्च निघतो तो अनेकदा इथूनच, आणि या वर्गाच्या गाड्यांत तो लाखांत मोजावा लागतो. खर्चाहूनही मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. गाडी किती चालली ते मीटर सांगतो. ती कोणी आणि कशी चालवली ते क्लच सांगतो. मीटर मागे नेणारी माणसं असतात. क्लच प्लेटवरची झीज मागे नेता येत नाही.

क्लचचं काम थोडक्यात सांगतो. इंजिनाबरोबर फ्लायव्हील फिरतं. त्याच्यावर क्लच प्लेट, आणि प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, स्प्रिंगच्या पाकळ्या दबतात आणि प्लेट मोकळी होते. पेडल पूर्ण सोडलेलं असताना किंवा पूर्ण दाबलेलं असताना प्लेट घासत नाही. घासते ती मधल्या काळात, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. म्हणजे झीज ठरते ती एकूण किलोमीटरवर नाही, तर या मधल्या क्षणांच्या बेरजेवर.

ही बेरीज किती वाढू शकते ते एकदा कागदावर मांडून पाहिलं. साधारण दीड टनाची गाडी, पहिला गिअर असा की इंजिनाचे तेरा फेरे झाले की चाकाचा एक. सपाट रस्त्यावर इंजिन 1,500 आरपीएमवर ठेवून हळूच क्लच सोडला की गाडी ताशी 14-15 किलोमीटरला लागते आणि तेवढ्यात प्लेटमध्ये सुमारे 13 किलोज्यूल उष्णता उतरते. इंजिनाने केलेल्या कामातला निम्मा भाग गाडीला वेग देतो, निम्मा प्लेट तापवतो. हे टळत नाही. आता तीच गाडी दहास एक अशा चढावर, ब्रेक न लावता, नुसत्या हाफ क्लचवर दहा सेकंद उभी ठेवा. गाडी एक बोटही पुढे गेलेली नाही आणि प्लेटने 55 ते 60 किलोज्यूल खाल्लेले आहेत. म्हणजे चार-पाच वेळा गाडी हलवण्याइतकी झीज फक्त थांबण्यात. बेसमेंटचे रॅम्प बहुधा याहून उभे असतात. मामांना हे गणित मी दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “आकडा माहीत नव्हता रे, पण म्हणून तर मी आधी पार्किंग बघतो.”

पेडल असलेल्या गाड्यांची परीक्षा पायाने सुरू होते. पोर्शे 911 घ्या, कारण आपल्याकडे पेडलवाल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ती त्यातल्या त्यात पाहायला मिळते. गाडी थंड असताना एकदा आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर एकदा, असं दोन्ही वेळा पाहायला हवं. थंड गाडीत जे लपतं ते गरम गाडीत उघडं पडतं. क्लच पेडलच्या प्रवासात कुठे पकडतो, पकडताना गाडी थरथरते का, रिव्हर्स टाकताना दात किरकिरतात का, हे ज्याचं त्याने अनुभवायचं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग बोलतंय. उलट पेडल दाबल्यावर घरघर थांबली तर ती गिअरबॉक्सच्या आतून येतेय. थरथर म्हणजे फ्लायव्हीलवर तापून कडक झालेले डाग, नाहीतर प्लेटला लागलेलं तेल. 911 च्या 996 मॉडेलमध्ये इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपणं ही जुनी तक्रार आहे. म्हणून त्या गाडीचा क्लच बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवला की जाणता मिस्त्री ते सील आणि तिथलंच मधल्या शाफ्टचं बेअरिंगही पाहून घेतो. विकणाऱ्याने क्लच बदलल्याचं बिल दाखवलं आणि त्यात या दोन गोष्टींचा उल्लेखच नसेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

पकड कुठे येते यावर मात्र फार विसंबू नये. झिजत जाणाऱ्या क्लचची पकड वर वर सरकते हे आपल्याला ड्रायव्हिंग शिकतानाच सांगितलेलं असतं आणि साध्या गाडीत ते खरंही असतं. पण बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलमध्ये झिजेप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारी प्रेशर प्लेट असते. तिथे पकड शेवटपर्यंत जागची हलत नाही आणि क्लच एक दिवस अचानक संपल्यासारखा वाटतो. 996 टर्बोत पेडलला हायड्रॉलिक मदत आहे. ती गळू लागली की पेडल दगडासारखं जड होतं आणि माणूस नसलेल्या झिजेच्या शोधात फिरत बसतो. आपण कुठल्या गाडीसमोर उभे आहोत हे माहीत असल्याशिवाय पायाच्या अनुभवाला अर्थ नाही.

खरी परीक्षा रस्त्यावर. मोकळा, सरळ, सपाट रस्ता, गरम गाडी, चौथा किंवा पाचवा गिअर, काटा 2,000-2,500 वर. तिथून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि डोळे दोन काट्यांवर. इंजिनाचा काटा आणि वेगाचा काटा हातात हात घालून चढले पाहिजेत. इंजिनाचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. टर्बो गाडीत ही उडी पूर्ण बूस्ट येतो त्या क्षणी दिसते, आधी नाही. म्हणून तीन-चार सेकंद तरी पाय दाबलेला राहायला हवा. खालच्या गिअरमध्ये ही परीक्षा घेऊन उपयोग नाही, कारण तिथे गाडी इतक्या सहज पळते की झिजलेली प्लेटही निभावून नेते. हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून, इंजिन बंद पडतं का बघायची जुनी गॅरेजातली युक्ती मात्र दुसऱ्याच्या गाडीवर कधी करू नये. गाडी अजून आपली नाही आणि त्या एका परीक्षेत तिच्या प्लेटचं आयुष्य आपण खातो. मामा याबाबत फार कडक आहेत, आणि मला ते पटतं.

आता पेडल नसलेल्या गाड्या. पुस्तिकेचा सगळ्यात मोठा भाग यांच्यावर आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

26 मार्च 1989 रोजी रिओ दि जानेरोजवळच्या जाकारेपाग्वा ट्रॅकवर नायजेल मॅन्सेलने फेरारी 640 घेऊन ब्राझिलियन ग्रां प्री जिंकली. जॉन बार्नार्डने आखलेल्या त्या गाडीत गिअर बदलायचा दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या मागच्या पट्ट्या बोटाने ओढायच्या आणि बाकीचं काम हायड्रॉलिक दाबाने व्हायचं. हीच कल्पना 1997 मध्ये फेरारीच्या एफ355 च्या रूपाने रस्त्यावर आली. मग 360 मोडेना, एफ430. लॅम्बोर्गिनीनेही 2003 च्या गायार्दोत ई-गिअर नावाने अशीच यंत्रणा दिली. या गाड्या चालवणाऱ्या अनेकांना त्या ऑटोमॅटिक वाटतात. त्या ऑटोमॅटिक नाहीत. आत तीच कोरडी क्लच प्लेट आहे, तेच फ्लायव्हील आहे. फक्त पायाऐवजी पंप आणि संगणक ते दाबतात. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ब्रेकवरचा पाय सैल करत इंच इंच पुढे सरकता येतं. इथे तसंच सरकताना संगणक बिचारा मिनिटभर हाफ क्लच धरून बसतो. सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्समध्ये चढ चढत पार्किंगमध्ये शिरणं. ज्याच्या घरी ते रोज करावं लागतं त्याचा क्लच काही हजार किलोमीटरमध्येच संपलेला मी पाहिला आहे. मालक त्याच गाडीने लोणावळ्यापलीकडे कधी गेले नव्हते.

या गाड्यांची एक सोय अशी की क्लचची झीज यंत्राला विचारता येते. निदानाचं उपकरण जोडलं की टक्क्यांत आकडा येतो. विकणारे तो छापून दाखवतात: झीज 22 टक्के, पुढचं बोलूच नका. हा आकडा येतो कुठून ते समजून घेतलं पाहिजे. प्लेटची जाडी कुणी आत जाऊन मोजत नाही. प्लेट पातळ होत गेली की स्प्रिंगच्या पाकळ्यांची बंद अवस्थेतली जागा थोडी थोडी सरकते आणि तिच्याबरोबर रिलीज बेअरिंगही मागे येतं. एक सेन्सर ती जागा वाचतो. नवा क्लच बसवला त्या दिवशीची जागा संगणकाला सांगून ठेवलेली असते. आजची जागा त्यातून वजा केली की झीज. म्हणजे सगळा हिशेब त्या पहिल्या नोंदीवर उभा आहे. नवा क्लच बसवून ती नोंद केलीच नाही तर नव्या प्लेटचाही आकडा चुकू शकतो. आणि जुन्याच प्लेटवर कुणी नव्याची नोंद केली तर संपत आलेली प्लेट शून्य टक्के म्हणून समोर येईल. दुसरा प्रकार फसवण्यासाठीच होतो असं नाही. क्लच नीट पकडत नाही म्हणून कुणीतरी घाईत सगळं नव्याने जुळवून टाकलेलं असतं. आपल्यासाठी परिणाम एकच.

म्हणून मामा आकडा वाचायच्या आधी बिल मागतात. क्लच कधी बदलला, किती किलोमीटरवर, सोबत बेअरिंग आणि फ्लायव्हील बदललं का, नोंद केल्याचा उल्लेख आहे का. मग आकडा. मग गाडी चालवून बघणं. तिन्ही एकमेकांशी जुळले तर ठीक. 30,000 किलोमीटर एकाच क्लचवर आणि झीज 15 टक्के असं समोर आलं तर ते आनंदाने टाळी देत नाहीत, खाली बसून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतात. आकडा बरोबर असला तरी त्याच्या मर्यादा आहेतच: तापून पडलेले डाग, चकचकीत झालेली प्लेट, लागलेलं तेल, यातलं काहीच टक्क्यांत उतरत नाही.

एक छोटी गोष्ट मला या गाड्यांत फार आवडते. फेरारीच्या या यंत्रणेत चालकाचं दार उघडलं की मागून पंपाची घूं घूं ऐकू येते. हायड्रॉलिक दाब तयार होत असतो. मामा दार उघडून तसेच थांबतात, डोळे मिटून सेकंद मोजतात. मग गाडी चालू करून, गिअर न बदलता, पंप पुन्हा किती वेळाने लागतो ते मोजतात. सारखा सारखा लागत असेल तर दाब कुठेतरी निसटतोय. दाब कमी असला तर क्लच पुरता सुटत नाही आणि न सुटलेला क्लच घासत राहतो. पंपाची तक्रार आणि क्लचची झीज ही बऱ्याचदा एकाच दुखण्याची दोन टोकं असतात.

दोन क्लचच्या, तेलात बुडालेल्या यंत्रणा आल्या आणि चित्र पालटलं. निसान जीटी-आर 2007 मध्ये आली, मग पोर्शेची पीडीके, 2009 मध्ये फेरारी 458. या गाड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे आणि ते छोटं आहे, कारण तिथे प्लेटच्या जाडीपेक्षा तेलाची स्थिती, तापमानाच्या नोंदी आणि वेळच्या वेळी केलेली सर्व्हिस हेच पाहायचं असतं.

संगणकातून आणखी एक गोष्ट काढता येते. ती मला स्वतःला सुचली आणि मामांनी मोठ्या मनाने पुस्तिकेत घेतली, याचा मला आनंद आहे. अलीकडच्या 911 सारख्या गाड्यांत इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. बहुतेक लोक ती इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरलं हे पाहण्यासाठी काढतात. मी तिने किलोमीटरला भागतो. 24,000 किलोमीटर आणि 1,200 तास असतील तर सरासरी वेग ताशी 20. ही गाडी सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्येच जगली. तेवढेच किलोमीटर 500 तासांत झाले असतील तर सरासरी 48. हिने एक्स्प्रेसवे पाहिला आहे. दोन्ही गाड्यांचे मीटर सारखेच, पण पहिलीच्या क्लचने दुसरीच्या कितीतरी पट वेळा गाडी उभ्याची चालती केली असणार. म्हणूनच कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हे आपल्या बाजारातलं गृहीतक मला मान्य नाही. मुंबईत रविवारी सकाळी बेसमेंटमधून निघून वांद्र्यापर्यंत जाऊन परत आलेल्या गाडीपेक्षा दर महिन्याला कोल्हापूरला जाऊन आलेली गाडी मी आधी बघायला जाईन.

नव्या क्लचचं बिलही नीट वाचावं. “क्लच नुकताच बदललाय” हे वाक्य दिलासा देणारं वाटतं. पण 12,000 किलोमीटरवर दुसरा क्लच असेल तर पहिला कुणी संपवला आणि तो माणूस अजून ही गाडी चालवतोय का, हे विचारायलाच हवं. क्लच बदलणं किती मोठं काम आहे हेही गाडीवर अवलंबून. एफ355 मध्ये तो गिअरबॉक्सच्या पार मागच्या टोकाला, हात पोचेल असा होता. 360 मध्ये तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये गेला. ॲस्टन मार्टिनच्या 2005 च्या व्ही8 व्हँटेजमध्ये गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी आणि क्लच पुढे इंजिनाला लागून, मध्ये लांब नळी; म्हणजे प्लेटपर्यंत पोचायला अर्धी गाडी खोलावी लागते. तिथे प्लेटपेक्षा मजुरी जड होते.

आणि विकणाऱ्याविषयी एक सांगायचं आहे. झिजलेला क्लच हा गुन्हा नाही. क्लच झिजण्यासाठीच असतो, टायर आणि ब्रेकसारखा. 70 टक्के झीज असलेली गाडी ती झीज सांगून, तशी किंमत लावून कुणी विकत असेल तर तो प्रामाणिक विक्रेता आहे आणि ती गाडी बिनधास्त घ्यावी. मामांच्या तपासणीनंतर सौदे मोडतात त्यापेक्षा कितीतरी जास्त जुळतात, कारण दोघांसमोर एकच खरं येतं आणि भांडायला जागा राहत नाही. ही पुस्तिका घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यानेही वाचावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रभादेवीच्या त्या पिवळ्या गाडीचा सौदा जुळला. मालकांनी क्लचचा खर्च किमतीतून कमी केला. मालक स्वतः अगदी सावकाश चालवणारे गृहस्थ. त्यांना कळेना की आपण कधी गाडी दामटली नाही, मग असं का झालं. दोन आठवड्यांनी गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मामांनी त्यांनाही बोलावून घेतलं. प्लेट रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलेली होती. फ्लायव्हीलवर नाण्याएवढे निळसर काळे डाग. मामांनी त्यांचं बोट धरून एका डागावरून फिरवलं; तिथे पृष्ठभाग किंचित उंच आणि काचेसारखा गुळगुळीत लागत होता. मग हळूहळू उलगडा झाला. गाडी बेसमेंटमधून वर आणायचा त्यांचा ड्रायव्हर. शटरचं बटण वॉचमनच्या केबिनमध्ये. वॉचमन यायला कधी अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. हँडब्रेक लावला तर गाडी सुटताना मागे घसरेल आणि मागच्या भिंतीला लागेल, या भीतीने तो ड्रायव्हर इतकी वर्षं साहेबांची गाडी जिवापाड जपत, चढावर हाफ क्लचवर धरून उभा राहत होता.

नवा मालक वरळीला राहतो. गाडी घ्यायच्या आधी त्याने सोसायटीत अर्ज करून तळमजल्यावरची जागा मागून घेतली.